नियम शिकलो, हिशोब राहिला

गेल्या मार्चमध्ये मला एकवीस वर्षं पूर्ण झाली. घरी त्याचं फार काही नव्हतं. आईनं देवापुढं साखर ठेवली आणि फोनवर "अभ्यास कर" म्हणाली. खोलीवरची पोरं मात्र त्या तारखेची माझ्यापेक्षा जास्त वाट बघत होती. गोव्याच्या कॅसिनोत एकविसाच्या आतल्यांना खेळायला घेत नाहीत, आणि आमच्या चौघांत मीच शेवटचा राहिलेलो. "काय गा, आता चोर्ला उतरायला मोकळा झालास की!" म्हणून एकानं पाठीवर थाप मारली. त्याच शनिवारी दुपारी आम्ही बेळगावहून निघालो. रविवारी पहाटे चोर्ला घाट चढताना माझ्या खिशात चहापुरतेसुद्धा पैसे नव्हते.

हे लिहावं की नको यात माझे बरेच दिवस गेले. मंडळातल्या एका मित्रानं विचारलं, "आपल्या कॉलेजच्या अंकात जुगारावर लेख? सर काय म्हणतील?" मी म्हटलं, हॉस्टेलवर रोज रात्री ज्यावर बोलणं चालतं ते अंकात आलं तर बिघडतं कुठं? मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी. मराठीच्या ओढीनं वाङ्मय मंडळात आलो. त्यामुळं हा लेख थोडा गोष्टीचा आणि थोडा आकड्यांचा होणार, सांभाळून घ्या.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जुगार वाईट, हे आम्हाला घरात, शाळेत, प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी सांगितलं. तो खेळायचा कसा, हे गल्लीनं शिकवलं. पण तो आतून चालतो कसा, पैसा कुठल्या फटीतून गळतो, हे कुणीच शिकवलं नाही. आणि माझ्या मते पोरांना वाचवणारी गोष्ट तीच आहे.

मी निपाणीकडचा. आमच्या भागात पत्ते कुणी मुद्दाम शिकायला जात नाही. गणपतीच्या मंडपात रात्री जागरणाला बसलं की मागच्या सतरंजीवर डाव पडतोच. मी सातवीत असताना धाकट्या काकांनी मला तीन पानी शिकवलं. ट्रेल सगळ्यात मोठी, मग सिक्वेन्स, मग कलर, मग जोडी. चिंचोके लावून खेळायचो, पुढं रुपया आला. काका म्हणायचे, "पान बघून खेळायचं नसतं, समोरच्याचं तोंड बघून खेळायचं." हे वाक्य मला तेव्हा फार भारी वाटायचं. पण बावन्न पानांतून तीन पानं उचलायचे 22,100 प्रकार होतात आणि त्यांतल्या 52 प्रकारांतच ट्रेल येते, हे काकांना ठाऊक नव्हतं. शंभरातल्या चौऱ्याहत्तर वेळा हातात जोडीसुद्धा नसते. म्हणजे बहुतेक रात्री आम्ही सगळेच रिकामी पानं घेऊन एकमेकांची तोंडं बघत बसलेलो असायचो.

मंडपातल्या त्या डावाची एक गोष्ट मात्र बरी होती. काका हरले की शेजारचे मामा जिंकायचे. पैसा सतरंजीवरच फिरायचा आणि सकाळी त्यातूनच सगळ्यांना मिसळ. त्या डावात 'घर' नव्हतं. टेबलाच्या पलीकडं एक बाजू अशी असते की जी थकत नाही, झोपत नाही आणि प्रत्येक डावातून आपला वाटा काढते, हे मी पहिल्यांदा मांडवीत पाहिलं.

तशी मटका ही त्याचीच लहान आवृत्ती. आमच्याकडं 'ओपन', 'क्लोज', 'जोडी' हे शब्द पाचवीतल्या पोरालाही माहीत असतात. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत पैसे लावायचे, तिथून हे शब्द आले. कापूस गेला, आकडा राहिला. एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये, हा रूढ भाव. आकडे मात्र दहा. आमची आज्जी कधी शाळेत गेली नाही, पण तिनं हे बरोबर ओळखलं होतं. ती म्हणायची, "धाई आकड्यावर येक येक रुपाया लाव, आनी घरला नऊ घिऊन ये." एवढंच आहे सगळं. दहा देऊन नऊ घेणं. फक्त ते रोज एकेक रुपयानं केलं की कळत नाही.

आता आपल्या सीमाभागाची गंमत बघा. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून सरकारच चालवतं. कर्नाटकानं 2007 साली लॉटरी बंद केली. त्यामुळं निपाणीत लॉटरीचं तिकीट विकणं गुन्हा, आणि कोगनोळी नाका ओलांडून कागलला गेलं की तेच तिकीट सरकारी शिक्क्याचं. अंदर-बाहर खेळताना पोलिसांनी अमुक जणांना पकडलं, अशी बातमी आपल्याकडच्या पेपरात आपण लहानपणापासून वाचतो. तोच अंदर-बाहर चोर्ला उतरून गेलं की झुंबराखाली, हिरव्या कापडावर, टाय लावलेला माणूस वाटतो. पान तेच, जोकर तोच. इथं त्याला अड्डा म्हणायचं आणि तिथं पर्यटन.

गोव्यातला कॅसिनो पाण्यात का, हेही मला आधी माहीत नव्हतं. गोव्याचा सार्वजनिक जुगाराचा कायदा 1976 चा. 1992 साली त्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत पैशांच्या यंत्रांना परवानगी दिली, आणि 1996 च्या दुरुस्तीनं जहाजावर टेबलाचे खेळ चालतील असं ठरलं. म्हणून पणजीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीत बसायचं आणि मांडवीत नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर जायचं. महाराष्ट्रानंही त्याच 1976 साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही, आणि 2023 मध्ये तो मोडीत काढायचं सरकारनं ठरवलं.

मला सगळ्यात जास्त टोचली ती पुढची गोष्ट. 1 फेब्रुवारी 2020 पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी, असं गोवा सरकारनं जाहीर केलं. पर्यटकांनी खेळावं, आपल्या माणसांनी नको. एखाद्या हॉटेलमालकानं स्वतःच्या पोरांना सांगावं, "आपल्या हॉटेलातलं खाऊ नका रे," आणि दारात उभा राहून आपल्याला "या या" म्हणावं, तसलं हे. आपण त्या दारातून आत जातो, तेही गाडीचं पेट्रोल घालून.

आता त्या रात्रीचं सांगतो.

माझ्याकडं 6,500 रुपये होते. वडिलांनी व्यापाऱ्याकडून उचल घेऊन पाठवलेले. परीक्षेची फी आणि मेसचे दोन महिने त्यात भागायचे होते. आत जायच्या तिकिटात जेवण आणि थोड्या चिप्स मिळतात. त्या चिप्सची एक खोड आहे. त्या टेबलावर लावता येतात, पण काउंटरवर देऊन त्यांचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे त्या खेळूनच संपवायच्या. त्या संपेपर्यंत हाताला सवय लागलेली असते.

मी रूलेटच्या टेबलावर गेलो, कारण तिथं अक्कल लागत नाही असं वाटलं. चाकावर 37 खाने असतात. 1 ते 36 आकडे, निम्मे लाल, निम्मे काळे, आणि एक हिरवं शून्य. लालवर शंभर लावले आणि लाल आलं, तर आपले शंभर परत आणि वर शंभर. मोबाईलवर बघून एक युक्ती शिकून गेलेलो. हरलं की रक्कम दुप्पट करायची. शंभर गेले तर दोनशे, ते गेले तर चारशे. कधीतरी लाल येणारच, आणि ते आलं की मागचं सगळं भरून निघून वर शंभर सुटतात. ऐकायला पक्कं वाटतं की नाही? मलाही वाटलं. तासाभरात मी 1,100 रुपये वर होतो. मित्रांना मेसेज केला, 'गणित जमलं'.

मग चाक फिरलं आणि काळं आलं. शंभर गेले. परत काळं, दोनशे गेले. मग शून्य, चारशे. मग काळं, आठशे. काळं, सोळाशे. तोवर माझ्या तळहाताला घाम सुटलेला. टेबलाशेजारच्या फळ्यावर मागचे आकडे दिसतात, ते सगळे काळे. मी मनात म्हटलं, आता तरी लाल यायलाच पाहिजे. 3,200 ठेवले. काळं आलं. सहा डावांत 6,300 रुपये. पुढच्या दुपटीला 6,400 हवे होते, माझ्याकडं 1,300 उरलेले. ते मी अंदर-बाहरवर घालवले. खरं सांगायचं तर त्या वेळी मी खेळत नव्हतोच, नुसता पान पडताना बघत होतो.

परत आल्यावर आठवडाभर मी ह्या गोष्टीला 'नशीब फिरलं' असंच म्हणत होतो. मग एका रात्री वही काढली आणि वर्गात शिकलेलं त्या चाकाला लावून बघितलं. चाकानं माझ्याशी काही दगाबाजी केली नव्हती. चाक सरळच होतं. हिशोब मीच केला नव्हता.

तुम्हीही करून बघा, कागद-पेन्सिल पुरे. लालवर दर वेळी शंभर असे 37 डाव खेळा, आणि प्रत्येक खाना एकदा आला असं धरा. तुम्ही लावले 3,700. लाल 18 वेळा, म्हणून हातात आले 3,600. आता दुसरा प्रकार. एकाच आकड्यावर, समजा 17 वर, 37 वेळा शंभर लावा. तो एकदाच येणार. एकास पस्तीस असा भाव, म्हणजे मूळ शंभर धरून पुन्हा 3,600. लावायची तऱ्हा वेगळी, तोटा तोच, शंभर रुपये. ते हिरवं शून्य म्हणजे घराचा वाटा, शंभराला दोन रुपये सत्तर पैसे. काही चाकांवर शून्यासोबत दोन शून्यांचाही खाना असतो. तिथं 38 खाने होतात, भाव मात्र तोच राहतो, आणि वाटा पाच रुपये सव्वीस पैशांवर जातो. दोन चाकं शेजारी असली तर दोन शून्यांचं चाक आपोआप दुप्पट महाग. हे कुणी पाटीवर लिहून ठेवत नाही.

"दोन रुपये सत्तर पैसेच ना? सिनेमाला जास्त जातात," असं एक मित्र म्हणाला. प्रश्न चांगला आहे. पण हा वाटा तुम्ही घरून नेलेल्या पैशांवर नसतो, तर प्रत्येक डावावर असतो. तेच शंभर रुपये रात्रीत साठ वेळा टेबलावर गेले, तर वाटा सहा हजारांवर कापला जातो. म्हणून तिथं घड्याळ बघायची कुणाला आठवण होऊ देत नाहीत, जेवण फुकट असतं आणि गाणं थांबत नाही. तुम्ही बसून राहावं एवढीच त्यांची इच्छा.

आता माझ्या दुपटीच्या युक्तीचं बघू. सलग सहा वेळा लाल न येण्याची शक्यता साधारण 55 त एक. म्हणजे 54 वेळा मला शंभर-शंभर मिळणार, एकूण 5,400. आणि पंचावन्नाव्या वेळी 6,300 जाणार. वजाबाकी 900, माझ्या विरुद्ध. ती पंचावन्नावी वेळ कधी येईल याची तारीख नसते. मला ती बाराव्याच वेळी आली. जास्त पैसे नेले असते तर? तर ती वेळ उशिरा आली असती आणि खड्डा आणखी मोठा पडला असता. शिवाय प्रत्येक टेबलाला वरची मर्यादा असते. त्यापुढं दुप्पट करताच येत नाही.

आणि 'आता लाल यायलाच पाहिजे' ह्या वाक्याचा इतिहास फार जुना आहे. 18 ऑगस्ट 1913 च्या रात्री मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत सलग 26 वेळा काळं आलं. तिथले लोक माझ्यासारखेच लालवर पैसे वाढवत गेले आणि बुडाले. चाकाला मागचं आठवत नाही. आठवण आपल्याला असते, आणि तीच आपल्याला फसवते.

बाकीच्या टेबलांचंही थोडक्यात सांगतो, कारण 'रूलेट वाईट, पण ब्लॅकजॅकमध्ये डोकं चालतं' असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. ब्लॅकजॅकमध्ये पानांची बेरीज 21 च्या जास्तीत जास्त जवळ न्यायची, पण वर जाऊ द्यायची नाही. कुठल्या बेरजेवर पान घ्यायचं आणि कुठं थांबायचं, याचा तक्ता ठरलेला आहे. तो पाठ करून यंत्रासारखं खेळलं तर घराचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. सगळ्या टेबलांत हेच त्यातल्या त्यात स्वस्त. पण घराची कमाई कुठं लपलीय बघा. आपण आधी पान घेतो, डीलर शेवटी. आपण 21 च्या वर गेलो की पैसे तिथंच गेले. मग डीलरही वर गेला तरी ते परत येत नाहीत. आणि पहाटे तीन वाजता, हरत असताना, तक्त्याप्रमाणं कोण खेळतो?

बाकारात 'बँकर' किंवा 'प्लेअर' यांतल्या एका बाजूवर लावायचं. वाटा सव्वा टक्क्याच्या आतच. पण तिथंच 'टाय'चा चौकोन असतो, एकास आठ भावाचा. तो भाव बघून हात तिकडं जातो, आणि तिथं घराचा वाटा शंभराला चौदा रुपयांच्या वर.

आणि आपला अंदर-बाहर. एक पान जोकर म्हणून उघडायचं, मग एक पान अंदर, एक बाहर असं वाटत जायचं. जोकरच्या जोडीचं पान ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. फिफ्टी-फिफ्टी वाटतं. पण ज्या बाजूला पहिलं पान पडतं तिची शक्यता 51.5 टक्के, दुसरीची 48.5. मग शहाण्यानं नेहमी पहिल्या बाजूवर लावावं ना? घरालाही हे माहीत असतं. म्हणून पहिल्या बाजूला शंभराला नव्वदच देतात. दोन्हीकडं आपलाच तोटा, एकीकडं दोन टक्क्यांच्या थोडा वर, दुसरीकडं तीन. गल्लीत हा खेळ खेळताना हा फरक आपल्याला दिसलासुद्धा नव्हता.

म्हणजे ज्यांना जायचंच आहे त्यांच्यासाठी 'कसं खेळावं' याचं खरं उत्तर दोन-तीन वाक्यांत संपतं. दोन शून्यांच्या चाकावर बसू नका. मोठ्या भावाच्या चौकोनाला हात लावू नका. दुप्पट करू नका. सिनेमाच्या तिकिटाएवढे पैसे न्या, आणि ते गेले असं घरातून निघतानाच धरा. यानं तुम्ही जिंकणार नाही, फक्त हळू हराल. यापेक्षा जास्त शिकवतो म्हणणारा माणूस तुमच्याकडून काहीतरी घेणार, हे नक्की.

पण खरी अडचण आता मांडवीत राहिलेली नाही. चोर्ला उतरायला अडीच-तीन तास आणि एकविसाचा दाखला तरी लागतो. फोनला दोन्ही नको. फोनमध्ये घाट नाही, नाका नाही, कर्नाटक-महाराष्ट्र नाही. कर्नाटकानं 2021 मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातली, ती फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केली. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं देशभरासाठी कायदा केला. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे व्यवहार हाताळणं हा आता गुन्हा आहे. चांगलं झालं. पण ॲप गेलं की लिंक येते, लिंक गेली की कुणाचा तरी नंबर येतो. माझ्या शेजारच्या खोलीतला एक जण अजून रात्री पांघरुणात तोंड घालून खेळतो. आधी मित्रांकडून उसने, मग कर्ज देणाऱ्या ॲपवरून. परवा त्यानं माझ्याकडं दोन हजार मागितले. मी दिले नाहीत, आणि का देत नाही तेही बोललो नाही. त्याची मला माझ्या 6,500 पेक्षा जास्त लाज वाटते.

आपल्याकडं हा विषय काही नवा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त एका जुगाऱ्याचं आहे. बायको दुरावलेली, सासू तिरस्कार करते, कर्जाला भ्यालेला हा माणूस रात्री दुसऱ्याच्या घरी तोंड लपवतो. त्याला शेवटी सल्ला मिळतो तो शेतीकडं वळायचा. धर्मराजानं तर भाऊ आणि बायको लावले. शुभवर्तमानात क्रूसाखाली शिपाई अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकतात. वर कोण आहे याकडं त्यांचं लक्ष नसतं.

आणि सीमेची गोष्टही जुनीच. बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आलं. त्यानंतर पाचच महिन्यांनी, एप्रिल 1957 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. आर. एम. डी. चमारबागवाला यांचं 'स्पोर्टिंग स्टार' हे साप्ताहिक बंगळूरला छापलं जायचं आणि त्यातल्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांना मुंबई राज्यातून भरपूर प्रवेशिका जायच्या. मुंबई सरकारनं त्यावर कर लावला. छापखाना सीमेच्या पलीकडं, पैसा अलीकडून. आजचं ॲप आणि ते साप्ताहिक यांत काय फरक आहे? न्यायालयानं सांगितलं, जुगार हा व्यापार नव्हे, आणि व्यापाराला संविधानानं दिलेलं संरक्षण त्याला मिळणार नाही. त्या निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्याचाही दाखला आहे. मंडळात कायदा शिकणारे जे आहेत त्यांनी तो निकाल जरूर वाचावा.

पुढं 1967 साली त्याच न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला. तेव्हापासून जो तो आपल्या खेळाला कौशल्याचा म्हणतो. माझं उत्तर साधं आहे. कौशल्य असेना का, टेबलाचं भाडं किती ते सांगा. भाडं कळलं की बाकीचं बोलू.

शिकवण्यावर एक आक्षेप मला आधीच ऐकायला मिळाला. एक मॅडम म्हणाल्या, "नियम सांगितलेस तर जे खेळत नाहीत तेही खेळतील." काळजी खरी आहे. पण नियम कुणाला माहीत नाहीत? ते गणपतीचा मंडप शिकवतो, बसस्टँडमागची टपरी शिकवते, मोबाईल तर चोवीस तास शिकवतो. राहिलेला अर्धा भाग तेवढा कुणी शिकवत नाही. 'पाप आहे' एवढंच सांगितलं की खेळणारा पोरगा लपून खेळतो, आणि हरला की दुप्पट लपतो. लपलेल्या माणसाला हरलेले पैसे परत मिळवण्याखेरीज दुसरा रस्ता दिसत नाही. त्या पहाटे घाटात मलाही तो दिसत नव्हता.

म्हणून मंडळापुढं एक सूचना ठेवतो. पुढच्या सत्रात एक दुपार द्या. हॉलमध्ये सतरंजी टाकू, प्रत्येकाला शंभर चिंचोके देऊ, आणि एकाला 'घर' करू. दोन तास अंदर-बाहर खेळू, घराचे नियम लावून. मग प्रत्येकानं आपले चिंचोके मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे. आकडे काय येतील ते मला साधारण माहीत आहे, पण ते मी सांगण्यात अर्थ नाही. तुमच्या हातानं मोजलेलं तुम्हाला पटेल.

आणि जो आधीच अडकलाय त्यानं एकट्यानं बसू नये. घरी सांगता येत नसेल तर एखाद्या सरांना सांगा, मला सांगा. टेली मानस ही सरकारी सेवा 14416 या नंबरवर दिवसरात्र फुकट बोलते. उपदेश नको असेल तर तिथं नुसतं ऐकूनही घेतात. शेजारच्या खोलीतल्या मित्रासाठी हा नंबर मी दारावर लिहून ठेवलाय. त्यानं अजून पुसलेला नाही.

वडिलांना मी मे महिन्यात सांगितलं, तंबाखूच्या मोकळ्या रानात उभं राहून. 6,500 म्हणजे आईची वखारीतली तीन आठवड्यांची हजेरी, हे मी वाटेत बसमध्ये मोजलेलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तंबाखू लावतोय तवा मी तरी काय करतोय? पाऊस माझ्या हातात न्हाई, दर माझ्या हातात न्हाई. पर बुडालो तरी पुढच्या सालाला रान जाग्यावर असतंय. तुझं काय जाग्यावर राहिलं?"

फीचे पैसे त्यांनी पुन्हा पाठवले. मी ते तीनशे-तीनशे करून परत देतोय. दोन पोरांची गणिताची शिकवणी धरलीय. परवा त्यांना संभाव्यता शिकवताना पाठ्यपुस्तकातलं नाणं आणि फासे बाजूला ठेवले आणि पत्त्यांचा जोड काढला. एक जोकर उघडला आणि विचारलं, "सांगा, अंदर का बाहर?" दोघंही एकदम ओरडले. मी म्हटलं, "थांबा. आधी वही काढा."